वारा कुणाला?

म्हैसूरला राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच सकाळी मी पेपर घ्यायला व्हरांड्यात गेले, तर ग्रिलमधून एक छत्री आत येत होती. काळी, मिटलेली, लांब दांड्याची. छत्रीमागचा माणूस जास्वंदीच्या झुडपाआड होता, त्यामुळे मला दिसत होती ती फक्त छत्री. तिचं टोक भिंतीवर चाचपडत स्विचबोर्डापर्यंत पोचलं आणि त्यानं एक बटण दाबलं. फाटकावरचा दिवा लागला. छत्री जरा ओशाळल्यासारखी थांबली. मग तिनं तो दिवा बंद केला, शेजारचं बटण दाबलं, आणि रात्रभर विसरून चालू राहिलेला व्हरांड्यातला दिवा विझला.

"सूर्य आलाय, अल्वा?" झुडूप म्हणालं. "मग उजेड कुणाला?"

मी नवऱ्याला हाक मारली. श्रीकांत तोंडात ब्रश घेऊन धावत आला, तोवर छत्री शेजारच्या ग्रिलमध्ये शिरली होती आणि तिथल्या बाई आतूनच तिला "नमस्कार मामा" म्हणत होत्या.

हे घाटगेमामा. नागोजीराव घाटगे. पांढऱ्या मिशा, पायात कॅनव्हासचे बूट, आणि उन्हाळा असो की थंडी, काखेत ती छत्री. पावसात मात्र ते छत्री उघडत नसत. उघडली की तिचं टोक बोर्डापर्यंत पोचत नाही, असं त्यांचं म्हणणं. गल्लीतले कन्नड शेजारीही त्यांना मामाच म्हणत. त्यांचे खापरपणजोबा म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते आणि त्याचा मामांना इतका अभिमान होता, की आपण स्वतः बेळगोळच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालो हे ते अगदी शेवटी आणि घाईघाईनं सांगत.

पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलत आलेलं हे घराणं. पण कन्नडच्या इतक्या शेजारी राहिल्यावर जे व्हायचं ते त्यांच्या मराठीचं झालं होतं. "सुम्ने" म्हणजे उगाच, "साकू" म्हणजे पुरे, "बेडा" म्हणजे नको, आणि "अल्वा" म्हणजे नाही का, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. आम्ही नाशिकचे. माझं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते म्हणाले, "वैनी, तुमी बातम्या सांगितल्यागत बोलताय. घरातबी असंच बोलताय?"

मी हो म्हटलं. त्यांनी श्रीकांतकडे सहानुभूतीनं पाहिलं.

आम्ही आलो त्याच सुमारास महानगरपालिकेनं वीज वाचवायची मोहीम काढली होती. रस्त्यावरचे जुने दिवे काढून उजाडलं की आपोआप विझणारे नवे दिवे बसवले जात होते. वॉर्ड ऑफिसात जुना पिवळा बल्ब दिला की नवा एलईडी मिळे. जुने पंपसुद्धा परत घेत, जुने फ्रिजही. घरी माणूस येऊन कुठे वीज वाया जाते ते फुकट तपासून देई. वाचनालय, दवाखाना, मंगल कार्यालय, पोहण्याचा तलाव असल्या सार्वजनिक जागांचीही अशीच तपासणी चालली होती. या सगळ्यासाठी प्रत्येक गल्लीतून एक ऊर्जामित्र हवा होता. त्याला हिरवी टोपी मिळायची.

मामा ती टोपी घालून आले तेव्हा त्यांचे खापरपणजोबा घोड्यावर कसे दिसत असतील याची मला कल्पना आली.

ऊर्जामित्रांना दिवसभराचं प्रशिक्षण होतं. ते देणाऱ्या वॉर्डाच्या इंजिनीअर रश्मी मॅडम, तिशीतली हसरी मुलगी. चहाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले. हॉलमध्ये प्रोजेक्टर आणि लॅपटॉप चालू राहिले होते. मामांनी विचार केला की आत तर कुणीच नाही, मग चित्र कुणाला, आणि दोन्हींच्या वायरी भिंतीतून उपटल्या. लॅपटॉपची बॅटरी आधीच मेलेली होती. मॅडमना अर्धं भाषण तोंडी करावं लागलं. पण शेवटी त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की मोहिमेचा उद्देश नेमका कळलेला माणूस या हॉलमध्ये एकच आहे. मामांनी ते कौतुक म्हणून घेतलं. मलाही ते कौतुकच वाटतं.

आमच्या घराची तपासणी त्यांनी पहिल्याच रविवारी केली. मामा घरात आले की माणसांकडे बघत नाहीत, आधी छताकडे बघतात. हॉलमध्ये सोफ्यावरचा पंखा फिरत होता.

"इथं कोण बसलंय?"

"आत्ता कुणी नाही," मी म्हटलं.

"मग वारा कुणाला?"

मी पंखा बंद केला. त्यांनी मान डोलावली आणि माझ्या टेबलाकडे वळले. मी घरून काम करते. लॅपटॉप उघडा होता.

"हे काय करालंय?"

"काम."

"कुणाचं?"

"माझं."

"पण तुमी तर इथं उभ्या."

मी लॅपटॉप मिटला. मग त्यांनी भिंतीत रिकामे लटकणारे चार्जर काढले. "सुम्ने रक्त पिताहेत," असं म्हणून त्यांनी ते माझ्या हातात ढेकूण ठेवावेत तसे ठेवले. फ्रिजच्या दारात लग्नाची पत्रिका अडकवून ओढून पाहिली. पत्रिका घट्ट बसली तर रबर चांगलं, सहज निघाली तर खराब. आमची अर्धी फाटली, म्हणून मामा खूश झाले. लग्न पुढच्या आठवड्यातलं होतं आणि पत्ता फाटलेल्या अर्ध्यावर होता, पण ते आमच्या लक्षात नंतर आलं.

तेवढ्यात त्यांना न्हाणीघरातून पाण्याचा आवाज आला. श्रीकांतला लांब आंघोळीची सवय आहे. मामा दाराशी गेले आणि छत्रीनं टकटक केली.

"साहेब, कावेरी आणि करंट दोन्ही चाललंय. स्वल्प आवरा."

स्वल्प म्हणजे थोडंसं. श्रीकांत साबणासकट बाहेर आला.

गल्लीनं त्यांचं सगळं सहन केलं, इडलीचा रविवार सोडून. त्यांच्या डोक्यात आलं, की रविवारी सकाळी गल्लीतल्या प्रत्येक घरात इडलीपात्र चढतं, म्हणजे तेवढ्या शेगड्या पेटतात. त्यापेक्षा सगळ्यांनी आपापलं पीठ आणावं, एकाच मोठ्या पात्रात सगळ्यांच्या इडल्या काढाव्यात. मी म्हटलं, "मामा, हे गॅसचं झालं. मोहीम विजेची आहे." ते म्हणाले, "ऊर्जा ती ऊर्जा, वैनी. तुमी नासिकवाले भेदभाव फार करता."

लग्नाच्या आचाऱ्याकडून पिंपाएवढं पात्र आणलं. कुठली इडली कुणाची ते ओळखायला मामांनी खुणा ठरवल्या. कुणाच्या इडलीवर काजू, कुणाच्या गाजराचा तुकडा, कुणाच्या कोथिंबीर. आमच्या वाट्याला मटाराचा दाणा आला. सगळं ठीक चाललं होतं. पण वाफ धरल्यावर कोथिंबीर काळी पडली, गाजर सरकलं आणि झाकण काढताना काजू कुणीतरी खाऊन टाकले. मग प्रत्येक बाईनं चाखून आपली इडली ओळखायला सुरुवात केली. कोपऱ्यावरच्या बाईंनी शेजारणीच्या इडलीला "रबर" म्हटलं. शेजारीण म्हणाली, ती तुमचीच आहे. त्या दिवसापासून त्या दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या.

"पण गॅस एकच जळला," मामा म्हणाले.

घरं संपली तेव्हा ते सार्वजनिक जागांकडे वळले. आमच्या वॉर्डातलं वाचनालय दुपारी निवृत्त लोकांनी भरलेलं असतं. मामा तिथे रोज जाऊन पाहणी करत आणि कुणी पेपरावर डोळे मिटून बसलं असेल तर त्याच्या डोक्यावरचा दिवा बंद करत. डोळे मिटलेत, मग उजेड कुणाला. एका वयस्कर वकिलांनी तक्रार केली, की आपण झोपत नाही, विचार करतो. मामांनी ती मान्य केली आणि त्यांना विचार करताना बोट वर धरायला सांगितलं. पुढे काही दिवस ते वकील खरोखरच बोट वर धरून बसत. नंतर त्यांनी जागा बदलून खिडकीपाशी बसायला सुरुवात केली. मामांना हेच हवं होतं. खिडकीतला उजेड फुकट होता.

एका गोष्टीपुढे मात्र त्यांचं काही चालत नसे. दर रविवारी संध्याकाळी राजवाड्याची रोषणाई होते. हजारो पिवळे बल्ब एकदम लागतात आणि सगळा राजवाडा सोन्याचा होतो. आणि हाच माणूस, ज्यानं दिवसभर कुणाच्या देवघरातला बारीक दिवाही सोडला नसेल, तो इस्त्रीचा शर्ट घालून ते बघायला जायचा. मी एकदा विचारलं, "मामा, तिथे नाही विचारत, उजेड कुणाला?"

"मला," ते शांतपणे म्हणाले.

तर असं चाललं असताना महापालिकेनं जाहीर केलं, की प्रत्येक वॉर्डातून एक आदर्श घर निवडलं जाईल. मोठे साहेब येतील, दाराशी फोटो काढतील आणि घरावर पाटी लागेल. आमच्या गल्लीत चर्चा करायचं कारणच नव्हतं. ज्या बायका इडलीवरून बोलत नव्हत्या त्यांनीही एकमुखानं मामांचं नाव दिलं.

मामा एकदम "बेडा" म्हणाले. त्यांना टोपीची इतकी हौस, म्हणून आम्हाला वाटलं की हा विनय. पण रश्मी मॅडमनी तपासणीचा दिवस ठरवला तेव्हा त्यांच्या घरी रंगकाम निघालं. पुढच्या वेळी रंग ओला होता. त्याच्या पुढच्या वेळी अमावास्या होती. मग त्यांची मुलगी येणार होती. सुजाता त्यांची एकुलती एक मुलगी, हुणसूरला दिलेली. सासरी तंबाखूचा व्यापार, दीर, जावा, पोरं असं भरलेलं घर. ती बिचारी महिन्यातून एकदा बसनं येऊन वडिलांना पाहून जाई. मी तिला फोन केला, तर ती म्हणाली, "मी? मी कुठं येणार म्हटलं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मामांनी गल्लीतलं प्रत्येक स्वयंपाकघर आतून पाहिलं होतं, पण त्यांचं घर गेल्या काही वर्षांत गल्लीतल्या कुणीही आतून पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या पत्नी, शांतामामी, आम्ही येण्याच्या आधीच गेल्या. तेव्हापासून मामा सगळ्यांशी फाटकापाशीच बोलत. कुणी आलं की ते छत्री घेऊन बाहेर येत आणि दार मागे ओढून घेत.

शेवटी रश्मी मॅडम एका सकाळी न कळवता आल्या. सोबत मला घेतलं, कारण तोवर मामांनी मला गल्लीची सहायक ऊर्जामित्र नेमलं होतं. माझं कन्नड यथातथा. मॅडमना मराठी येत नाही. त्यामुळे मामांनीच दुभाष्याचं काम करायचं असं ठरलेलं असे. त्या दिवशीही तेच करत होते.

बाहेरच्या खोलीत एक बल्ब, एक पंखा, दोन्ही बंद. झोपायच्या खोलीत खिडकी उघडी आणि आरसा असा लावलेला, की ऊन पलंगापर्यंत यावं. टीव्ही नाही. गीझर नाही. मिक्सरच्या जागी पाटा-वरवंटा. मॅडम प्रत्येक खोलीत "अद्भुत" म्हणत होत्या. मामा ते भाषांतर करत नव्हते.

स्वयंपाकघराच्या दाराशी ते थांबले. "तिकडं काय न्हाई. चूल हाय."

पण आतून आवाज येत होता. मोठा, घरघरता, जुनी बस चढणीला लागल्यासारखा. आम्ही आत गेलो. कोपऱ्यात एक फ्रिज उभा होता. गोल खांद्यांचा, दुधी रंगाचा, जाड मुठीचा, माझ्या लहानपणीही जुना म्हटला गेला असता असा. आम्ही बघत होतो तेवढ्यात तो जोरात थरथरला, मांडणीवरची भांडी खणखणली आणि तो थांबला.

मॅडमनी पिशवीतून मापाचं यंत्र काढून वायरीला लावलं. फ्रिज परत सुरू होईपर्यंत आम्ही तिघं उभे राहिलो. मग त्यांनी आकडा पाहिला, परत पाहिला आणि कन्नडमध्ये काहीतरी म्हणाल्या.

मामांनी माझ्याकडे वळून इमानदारीनं भाषांतर केलं. "मॅडम म्हणत्यात, बाकी सगळं घर मिळून जेवढं खातंय, त्याच्यापेक्षा ही एकटी जास्त खाती."

मॅडमनी दार उघडलं. आत पाण्याची एक बाटली होती आणि एक लिंबू.

त्या पुन्हा काही बोलल्या. मामांनी घसा साफ केला. "मॅडम विचारत्यात, लिंबासाठी एवढं कशाला."

मला हसू आवरलं नाही. इतके महिने ज्यानं आमचे चार्जर उपटले, नवऱ्याला साबणासकट बाहेर काढलं, अर्ध्या वॉर्डाचे जुने फ्रिज ट्रकवर चढवले, त्याच्या घरी हे. मी म्हटलं, "मामा, गारवा कुणाला?"

मामांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि ती फिरवत राहिले. ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत.

"वैनी," ते म्हणाले, "शांता होती तवा घरात लई आवाज. टीव्ही तिचा, रेडिओ माझा, मिक्सर, भांडणं. ती गेली. मग मी एकेक बंद करत गेलो. बघायला कोण हाय, ऐकायला कोण हाय. सगळं बंद झालं आणि एक दिवस बघतो तर घरात आवाजच न्हाई. ही एकटी राहिली बोलायला." फ्रिजला ते 'ती' म्हणत होते, हे मला आत्ता जाणवलं. "मधीच थरथरून थांबती, तवा वाटतं, कोणतरी हातातलं काम टाकून जरा बसलं. परत सुरू होती, तवा वाटतं, उठलं."

मॅडमना यातलं काही कळलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एनंते?" काय म्हणतात ते?

दुभाषा टोपीच फिरवत होता, म्हणून मला सांगणं भाग होतं. मी माझं सगळं कन्नड गोळा केलं.

"मनेयल्ली सद्दु इल्ला," मी म्हटलं. घरात आवाज नाही. याहून जास्त मला येत नव्हतं.

रश्मी मॅडमनी फ्रिजचं दार हळूच लावलं. मग त्यांनी यंत्र काढून पिशवीत घातलं, पाटावर बसल्या आणि मामांकडे कॉफी मागितली. मामांनी ती केली. तिघं प्यायलो. उठताना मॅडम म्हणाल्या, की घर आदर्शच आहे, फ्रिजचं त्या काही लिहिणार नाहीत. तेवढं कन्नड मला कळलं, कारण मामांनी हे भाषांतर केलंच नाही, थेट उत्तर दिलं. लिहा म्हणाले. आणि ती हिरवी टोपी त्यांच्या पिशवीवर ठेवली.

त्यानंतर मामा दिसेनासे झाले. सकाळी ग्रिलमधून छत्री येईना. पहिले काही दिवस गल्ली मोकळी झाली. श्रीकांत न्हाणीघरात गाणी म्हणायला लागला. मग व्हरांड्यातले दिवे दुपारपर्यंत जळायला लागले, कारण ते बंद करायची आम्हाला कुणाला सवयच उरली नव्हती. एका सकाळी कोपऱ्यावरच्या बाईंचा पाण्याचा पंप चालू राहिला. टाकी भरून गच्चीवरून पाणी वाहायला लागलं, गल्लीतून ओढा निघाला, आणि आम्ही सगळे आपापल्या फाटकात उभे राहून मामा अजून ओरडले कसे नाहीत म्हणून त्यांच्या घराकडे बघत राहिलो. पंप बंद करायला कुणीच गेलं नाही. शेवटी इडलीवाली शेजारीण गेली. त्या निमित्तानं त्या दोघी पुन्हा बोलू लागल्या, पण बोलल्या ते मामांबद्दलच.

मी त्यांच्या फाटकाशी जाऊन हाक मारली. ते बाहेर आले. दाढी वाढलेली.

"मामा, गल्लीला तुमची गरज आहे."

"कुठल्या तोंडानं येऊ? घरात चोर ठेवून मी दुसऱ्याच्या घरात चोर पकडतोय."

"ठेवा ना तो फ्रिज. कुणाचं काही म्हणणं नाही."

"माझं हाय," ते म्हणाले.

आठवड्याभरात त्यांनी स्वतःच वॉर्ड ऑफिसला फोन करून ट्रक मागवला. आदर्श घराची पाटी तोवर मागच्या गल्लीतल्या एका घराला गेली होती. त्या घराबद्दल मामांचं मत असं, की तिथली माणसं सदा दुसऱ्याच्याच घरी बसलेली असतात, वीज जळणार कशी.

ट्रक आला त्या दिवशी सुजाता हुणसूरहून आली होती. मीही गेले. हमाल दोरखंड बांधायला लागले, तर मामा म्हणाले, "स्वल्प थांबा, सुरू हाय." हमालांना वाटलं काहीतरी तांत्रिक कारण असेल. ते बिड्या ओढायला बाहेर गेले. आम्ही तिघं स्वयंपाकघरात उभे राहून फ्रिज ऐकत राहिलो. मग तो नेहमीसारखा थरथरला, भांडी वाजली आणि थांबला. मामांनी वाकून वायर काढली, तिची नीट गुंडाळी केली आणि फ्रिजच्या मुठीला बांधली.

त्याच्या बदल्यात मिळणारा नवा छोटा फ्रिज त्यांनी घेतला नाही. लिंबू बाहेरही टिकतं, म्हणाले. सुजाता बापाला आपल्याबरोबर चला म्हणत होती. ते नाही म्हणाले. इथली गल्ली कोण बघणार. ती संध्याकाळच्या बसनं डोळे पुसत गेली. मला मात्र त्या संध्याकाळी त्यांच्या घराकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी थालीपिठं घेऊन मी त्यांच्याकडे गेले. दार उघडं होतं आणि आतून चांगला गलबला ऐकू येत होता. भांडी आपटत होती. एक पोरगं पायमोजा सापडत नाही म्हणून रडत होतं. कुणीतरी कुणाला तरी कन्नडमध्ये रागावत होतं, आणि मागे फोडणी चरचरत होती. मला वाटलं, सुजाताच्या सासरची सगळी मंडळी त्यांना न्यायला आली. थालीपिठं पुरायची नाहीत, असा विचार करत मी आत गेले.

स्वयंपाकघरात मामा एकटेच पाटावर बसले होते. दाढी केलेली. समोर पालथ्या डब्यावर त्यांचा मोबाईल होता आणि सगळा आवाज त्यातून येत होता.

"कोण बोलतंय?" मी विचारलं.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "कोण न्हाई," ते हळूच म्हणाले. "सुजी स्वयंपाक करालीय. मीच म्हटलं तिला, माझ्याशी बोलू नको, तुझं काम कर, फोन फक्त ओट्यावर तसाच ठेव."

मी थालीपिठं खाली ठेवली आणि त्यांच्याशेजारी बसले. हुणसूरला मोजा सापडला. पोरगं शाळेला गेलं. कुणीतरी दार लावलं, कुणीतरी नळ सोडला, आणि सुजाता कामाच्या नादात काहीतरी गुणगुणायला लागली. कुणी ऐकतंय हे ती बहुतेक विसरली होती. मामांनी थालीपिठाचा तुकडा मोडला आणि चावल्याचा आवाजही होऊ नये अशा बेतानं खायला लागले.

तिकडे कुकरची शिट्टी झाली. मामांची चुळबुळ सुरू झाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं आणि स्वतःला आवरलं. दुसरी शिट्टी झाली. ते हात चोळायला लागले. लगोलग आणखी एक झाली, तेव्हा मात्र ते फोनवर वाकले.

"सुजी," ते म्हणाले, "गॅस बारीक कर गं."

"केला, अप्पा," तिकडून आवाज आला, आणि भांडी पुन्हा वाजायला लागली.